ज्ञानकोशात पाऊस पडत नाही

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, गोर्नो पेतलोवोच्या झाडून सगळ्या अंगणांत लाल ढोबळ्या मिरच्या भाजल्या जात असताना आणि अख्ख्या गावावर त्यांचा धूर तरंगत असताना, सकाळी नऊच्या सुमारास गेनादी मिन्चेव्ह यांना कळलं की आपल्या गावात कोणाचेच गुडघे दुखत नाहीत.

ही बातमी खुद्द ज्ञानकोशात आली होती. "गोर्नो पेतलोवो हे बल्गेरियातील डोंगराळ भागातील एक गाव असून ते समुद्रसपाटीपासून ६१२ मीटर उंचीवर वसले आहे," इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे होतं, "येथील रहिवाशांना गुडघेदुखी होत नाही, कारण ते 'बाल्कन गरुड' मलम वापरतात. आजच मागवा!" आणि खाली फोन नंबर.

गेनादींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग नकळत त्यांचा हात स्वतःच्या उजव्या गुडघ्याकडे गेला. तो गेली अकरा वर्षं दुखत होता.

आता हा ज्ञानकोश म्हणजे इंटरनेटवरचा तो मुक्त ज्ञानकोश. कोणीही यावं, लिहावं, कोणीही यावं, खोडावं. गेनादी एकतीस वर्षं भूमापन खात्यात होते. निवृत्त झाल्यावर इतर माणसं मधमाश्या पाळतात किंवा सुनेला सल्ले देतात, यांनी गावावर लेख लिहिला. चार वर्षांत त्रेचाळीस ओळी. एकेक ओळ अशी तोलून मापून की इकडचा स्वल्पविराम तिकडे होणार नाही. उंचीचा आकडा त्यांनी स्वतः तीन वेळा मोजला होता. खरं तर तो सहाशे अकरा पूर्णांक आठ येतो, पण पूर्णांकात सांगायचा नियम आहे म्हणून ६१२, आणि त्या दोन दशांशांची चुटपुट त्यांच्या मनाला अजून आहे. लेखाच्या शेवटी, जिथे संदर्भ द्यायचे असतात तिथे, त्यांनी लिहिलं होतं: "स्वतः मोजले. गे. मि."

त्यांनी मलम खोडलं आणि मिरच्या सोलायला गेले. जेवून परत बघतात तर मलम हजर. आता ते "शंभर टक्के नैसर्गिक" झालं होतं.

तीन दिवसांत नऊ वेळा खोडलं, नऊ वेळा ते परत आलं. दोच्का, म्हणजे गेनादींची बायको, अंगणातून ओरडायची, "गेनो, अरे मिरच्या सोलायला ये की! गाव काही पळून जात नाही!"

"गावाची बदनामी चाललीय!"

"गुडघे दुखत नाहीत म्हणाले तर बदनामी कसली? माझे बघ जरा, जिना चढताना कडकड वाजतात. म्हणू देत की चांगलं कोणी काही!"

गावच्या भट्टीवर त्या दिवसांत प्लमची राकिया, म्हणजे घरची दारू, गाळायचं काम चालू असतं आणि तिथे पाळी येईपर्यंत बसून राहावं लागतं, म्हणून गावातले सगळे सल्ले तिथेच तयार होतात. गेनादींनी तिथे आपली कर्मकथा सांगितली. शेजारी स्तोइमेन सर्वात आधी बोलला. हा निवृत्त बस ड्रायव्हर. चाळीस वर्षं आरशात मागे बघून बघून याला असं वाटतं की जगात मागे काय चाललंय ते फक्त आपल्यालाच दिसतं.

"माणूस आहे का तो? यंत्र असेल," स्तोइमेन म्हणाला. "यंत्राशी भांडून काय होणार? त्या नंबरावर फोन लाव आणि मालकाला झाड चांगला."

सल्ला पटण्यासारखा होता. गेनादींनी तिथल्या तिथे सर्वांसमोर फोन लावला. एका गोड आवाजाच्या बाईने नमस्कार केला आणि विचारलं, "कोणता गुडघा दुखतो? डावा की उजवा?"

"उजवा," गेनादी म्हणाले. प्रामाणिक माणूस. तोंडातून गेलं.

"धन्यवाद. आपलं नाव आणि गाव सांगा."

"गेनादी मिन्चेव्ह, गोर्नो पेतलोवो! आणि हे बघा बाई, मला मलम नकोय, मला तक्रार करायचीय, नऊ वेळा खोडलं तरी..."

"नऊ नळ्या. धन्यवाद," असं म्हणून ती बाई बंद झाली. स्तोइमेनचं म्हणणं खरं होतं, ते यंत्रच होतं.

आठ दिवसांनी पार्सल आलं. आमच्या गावात पार्सल दुकानात येतं आणि दुकानात आलेलं पार्सल गावाच्या मालकीचं असल्यासारखं सगळे हाताळून बघतात. खोक्यावर मोठा गरुड होता आणि खाली नाव, गेनादी मिन्चेव्ह. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की ते मलम गेनादीच विकतो, आणि लेखात जाहिरात घालणाराही तोच, आणि उगाच भट्टीवर कांगावा करत होता. एकतीस वर्षांत ज्याने कचेरीची पेन्सिलही घरी आणली नाही त्या माणसावर ही वेळ आली. त्यांनी ते खोकं स्वयंपाकघराच्या माळ्यावर, लोणच्यांच्या बरण्यांच्या मागे भिरकावून दिलं आणि दोच्काला बजावलं, "याचं नाव या घरात काढायचं नाही."

दोच्काने नाव काढलं नाही. नळी काढली. पण ते पुढे.

त्याच दिवशी ज्ञानकोशाच्या प्रचालकाचा हुकूम आला. प्रचालक म्हणजे तिथले फौजदार. हे कोण असतात, कुठे बसतात, देव जाणे, खरं नाव कोणी लावत नाही. आमच्या नशिबी आलेल्याने स्वतःचं नाव ठेवलं होतं 'घुबड'. घुबडाने लिहिलं होतं:

"लेखात वारंवार जाहिरात. संदर्भ शून्य. 'स्वतः मोजले' हा संदर्भ नाही. १४ ऑक्टोबर, दुपारी बारापर्यंत सुधारणा न झाल्यास लेख 'दोल्नो पेतलोवो' या लेखात विलीन करण्यात येईल."

हे वाचून गेनादींनी पुन्हा चष्मा पुसला.

दोल्नो पेतलोवो म्हणजे खालचं पेतलोवो, आमच्याहून चार किलोमीटर खाली. त्यांच्याकडे दातांचा डॉक्टर आहे, दोन दुकानं आहेत आणि एक सिग्नल आहे. त्या एका सिग्नलबद्दल ती माणसं असं बोलतात की तो त्यांनी हातांनी कोरून काढलाय. आणि आता त्यांच्या लेखाच्या तळाशी, दातांच्या डॉक्टरच्या खाली, "याशिवाय वरच्या बाजूला आणखी एक वस्ती आहे" असं आमचं गाव एका ओळीत उरणार! दोन गावांच्या मधल्या हद्दीचे अठराही दगड गेनादींनी स्वतःच्या हातांनी रोवले होते. ती हद्द एक घुबड बटण दाबून पुसणार होतं.

त्यात १४ ऑक्टोबर म्हणजे संत पेत्काचा दिवस, आमच्या गावची जत्रा. झ्लातिना गावची सरपंच आणि वाचनगृहाची चिटणीसही, कारण दुसरं कोणी तयार होत नव्हतं. ती धावतच आली.

"गेनादीकाका, मी तर पत्रिका छापल्यात! 'सकाळी साडेदहाला वाचनगृहात पडद्यावर: आपलं गाव ज्ञानकोशात.' सोफियाहून पोरं येणार, जर्मनीतली येणार, जिल्ह्याचे पाहुणे येणार. आणि बरोबर बाराला पडद्यावर दोल्नो पेतलोवो उगवलं तर मी तोंड कुठे लपवू?"

"माझ्या लेखात," गेनादी म्हणाले.

"विनोद नको काका. उपाय सांगा."

उपाय पुन्हा स्तोइमेनने सांगितला, आणि याच वेळी गेनादींनी सावध व्हायला हवं होतं. "पहारा लाव," तो म्हणाला. "तू एकटा किती बघणार? आम्ही रिकामेच बसलोय. आळीपाळीने वाचनगृहाच्या संगणकावर बसू. मलम दिसलं की खोडलं."

झालं. वाचनगृहात एकच संगणक, त्याच्याभोवती अकरा पेन्शनर, आणि मध्ये गेनादी. त्यांनी दोन तास समजावलं. "हे बटण दाबायचं. असं. की लेख उघडतो. मग नको ते खोडायचं."

मिन्कामावशींनी हात वर केला. या एक्याऐंशी वर्षांच्या, वसंतात नवरा गेलेला, अंगावर अजून काळे कपडे. "बाळा, खोडता येतं तसं लिहिताही येतं का रे?"

"येतं की, मावशी."

"आणि ते सगळ्यांना दिसतं?"

"अख्ख्या जगाला."

"अस्सं," मिन्कामावशी म्हणाल्या आणि विचारात पडल्या. बाकीचे दहाही विचारात पडले. आपलं शिकवणं डोक्यात उतरतंय या समाधानात गेनादी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी लेख बावन्न ओळींचा झाला होता. 'अर्थव्यवस्था' या मथळ्याखाली लिंडनच्या फुलांचा मध मिळत होता, मोठी बरणी घेतल्यास फडक्यासकट. 'प्राणिजीवन' यात एक शेळी हरवली होती, डावं शिंग वाकडं. 'आरोग्य' यात पित्ताशयाच्या डॉक्टरांचे जाहीर आभार होते. आणि 'इतिहास' यात, तुर्की अंमल संपल्यानंतरच्या ओळीत लगेच, "स्तोइमेनने माझी शिडी परत करावी," आणि त्याखाली, "शिडी मोडकीच होती. स्तोइमेन."

गेनादींनी सगळं खोडलं. शेळीची ओळ खोडताना हात थोडा अडखळला, कारण शेळी गरीब होती, पण खोडली. दुपारी भट्टीवर एकही जण सरकून जागा देईना.

"माझी बाजू खोडलीस," स्तोइमेन म्हणाला. "त्याचा आरोप खोडलास ते ठीक, पण माझं उत्तर का खोडलंस?"

"अरे, पण आरोपच उरला नाही तर उत्तर कशाला?"

"लोकांनी वाचलं होतं तो आरोप. आता ते माझं उत्तर शोधतील." एवढं बोलून तो जो तोंड फिरवून बसला तो पंधरवडाभर बोललाच नाही. सल्ले बंद झाले, तेवढीच काय ती उसंत मिळाली.

आणि मग तिसऱ्या दिवशी ते झालं. गेनादींनी लेख उघडला तर मधोमध काळी चौकट, आत फोटो, खाली मजकूर: "आमचे प्रिय पेन्को दिमोव्ह यांना जाऊन सहा महिने झाले. तुझ्या खुर्चीवर मांजर बसते, तिला मी उठवत नाही. पत्नी मिन्का."

गेनादींचा हात संगणकाच्या उंदरावरच, म्हणजे माउसवरच, राहिला.

शोकपत्रक. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या फोटोचं पत्रक छापतात आणि दारावर, खांबावर, बस थांब्यावर चिकटवतात. चाळीस दिवसांनी एक, सहा महिन्यांनी एक, मग दर वर्षी. आणि ते कोणी काढत नाही. शत्रूचं असलं तरी काढत नाही. ते पावसाने भिजायचं, वाऱ्याने फाटायचं, हळूहळू आपणहून गळून पडायचं. आमच्या बस थांब्याच्या भिंतीला किती थर आहेत ते गेनादींनाही मोजता आलेलं नाही. त्यांनी आयुष्यात कधी चिकटवलेल्या पत्रकाच्या कोपऱ्यालाही नख लावलं नव्हतं. पेन्कोच्या तर नाहीच नाही.

ते मिन्कामावशींकडे गेले. मावशींनी चेरीचा मुरांबा पुढे ठेवला.

"मावशी, ते पत्रक... तिथे नको होतं."

"का रे बाळा? बस थांब्यावरचं कोण वाचतं आता? बस दिवसातून एकदा येते. माझा मुलगा जर्मनीत, त्याला तिथून बस थांबा दिसत नाही. तुझ्या ज्ञानकोशात त्याने बघितलं. फोनवर रडला. सहा महिन्यांत पहिल्यांदा रडला."

गेनादींनी मुरांबा खाल्ला.

"पण ते तिथे किती दिवस राहणार, मावशी?"

"पाऊस येईपर्यंत," मिन्कामावशी म्हणाल्या.

परत येताना गेनादी वाटेत थांबले, कारण त्यांच्या ध्यानात आलं की ज्ञानकोशात पाऊस पडत नाही. घरी येईपर्यंत आणखी चार काळ्या चौकटी आल्या होत्या. आठवड्याभरात अकरा झाल्या, आणि खोडलेला मध, शेळी, शिडी, डॉक्टरांचे आभार हेही लोकांनी परत आणून ठेवलं. पहाऱ्यावरच्या अकरा जणांनी आपापलं एकेक माणूस आणून ठेवलं होतं. त्यांच्या मधल्या फटींतून रोज सकाळी मलम उगवायचं, "गुडघेदुखीला कायमचा रामराम" हे नेमकं पेन्कोच्या फोटोखाली. गेनादी दोन चौकटींच्या मधून, शेजाऱ्याच्या वाफ्यात पाय न पडू देता आपलं तण काढावं तसं, अलगद तेवढंच काढायचे.

मग घुबडाने झडप घातली. मध, शेळी, शिडी, शोक, सगळं वाचनगृहाच्या एकाच संगणकावरून येत होतं आणि पहारा लागल्यापासून गेनादीही आपलं खोडकाम तिथूनच करत होते. घुबडाने एकाच फटक्यात सगळ्यांना कुलूप घातलं. गेनादींच्या पानावर पाटी लागली: "हे खाते वारंवार जाहिरात केल्याबद्दल बंद करण्यात आले आहे."

ती पाटी त्यांनी उभ्याने वाचली, मग बसून वाचली. जेवले नाहीत. दोच्काने मिरच्यांची चटणी लावलेला पाव पुढे केला तर म्हणाले, "मलमवाल्याला कशाला जेवायला घालतेस?"

कुलूप उघडण्यासाठी अर्ज करायची सोय होती. अर्जाच्या आधी एक परीक्षा होती, अर्जदार माणूस आहे की यंत्र हे ठरवायची. नऊ चौकोन आले आणि प्रश्न, "सिग्नल असलेले चौकोन निवडा." आता आमच्या गावात सिग्नल नाही. पण प्रश्न तोही नव्हता. प्रश्न असा की सिग्नलचा दिवा तिसऱ्या चौकोनात होता आणि त्याचा खांब सहाव्यात उतरत होता. खांब हा सिग्नलचा भाग मानायचा की नाही? भूमापनात खांब धरतात. गेनादींनी खांब धरला. "पुन्हा प्रयत्न करा." त्यांनी खांब सोडला. दिव्याची कडा दोन मिलिमीटर दुसऱ्यात येत होती, ती धरली. "पुन्हा प्रयत्न करा." त्यांनी फूटपट्टी आणून पडद्याला लावली. सतरा वेळा त्यांनी परीक्षा दिली आणि सतराव्यांदा ज्ञानकोशाने निकाल दिला की गेनादी मिन्चेव्ह हा माणूस नसून यंत्र असावा. तिकडे मलमाचं यंत्र मात्र रोज सकाळी बिनबोभाट आत जात होतं.

"दोल्नोवाल्यांना विचार," दोच्का म्हणाली. "त्यांना सिग्नलचं कळतं."

त्यावर गेनादी जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

जत्रेचा दिवस उजाडला. वाचनगृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सोफियाची पोरं, जर्मनीची पोरं, जिल्ह्याचे पाहुणे, पहिल्या रांगेत पोप, म्हणजे गावच्या चर्चचा पाद्री, त्याच्या शेजारी काळ्या रुमालात मिन्कामावशी. भिंतीवरच्या पडद्यावर अडीच मीटर उंचीचा आमचा लेख, काळ्या चौकटींनी भरलेला, वर मधाची बरणी, खाली गरुड. पाहुण्यांनी चीजच्या बानित्साचा घास तोंडातच थांबवला आणि झ्लातिनाला हळूच विचारलं, "गावात साथ वगैरे आली होती का?"

गेनादी भिंतीला टेकून उभे होते. चांगला सूट घातला होता, जसा माणूस अंत्ययात्रेला घालतो.

अकरा वाजून गेल्यावर पडदा हलला. मधाची बरणी नाहीशी झाली.

"घुबड!" गेनादी म्हणाले.

सगळं सभागृह माना उंच करून बघू लागलं. शेळी गेली. "अरेरे," शेळीवाला मागून म्हणाला. शिडी गेली. डॉक्टरांचे आभार गेले. गरुड गेला, त्यावर मात्र टाळ्या पडल्या. एकेक ओळ कोणी अदृश्य हाताने उचलून फेकत होतं, झपाझप, दया नाही माया नाही. आणि मग ते पेन्कोच्या चौकटीपाशी आलं.

थांबलं.

एक मिनिट गेलं. दोन गेली. चौकट तशीच. पेन्को पडद्यावरून सगळ्यांकडे बघत होता, फोटोत होता तसाच, टोपी तिरकी.

"बंद पडलं का?" पाहुणे म्हणाले.

"नाही," मिन्कामावशी म्हणाल्या. "हात होत नाहीये त्याचा. आपलंच कोणीतरी आहे."

तेवढ्यात लेखाच्या खाली अक्षरं उमटू लागली, आणि अडीच मीटरच्या पडद्यावर सगळ्या गावाने ती वाचली. "ही पत्रके नियमाप्रमाणे काढणे आवश्यक आहे. माझ्या आजीचे पत्रक तीन वर्षे आमच्या फाटकावर आहे. मला हे जमणार नाही. तुमचे कुलूप काढले आहे. बारापर्यंत काय ते तुम्ही करा. संदर्भ द्या."

सभागृहात एकच गलका उठला. झ्लातिनाने गेनादींना ओढत संगणकावर आणून बसवलं. सव्वाअकरा. त्यांनी उंदराला हात लावला आणि पुन्हा काढला.

"माझाही हात होणार नाही," ते म्हणाले. "जाऊ दे गाव दोल्नोत. चार वर्षं लिहिलं, वाईट वाटतं, फार वाईट वाटतं. पण पेन्कोचं पत्रक माझ्या हातून निघणार नाही."

"काढायला कोण सांगतंय तुला?" मिन्कामावशी उठून उभ्या राहिल्या. "बस थांब्यावर जागा संपली की काय करतो आपण? वरून दुसरं चिकटवतो. खालचं खाली राहतं. चिकटव वरून."

"इथेही जुनं मागच्या आवृत्त्यांत राहतं, मावशी, पण चिकटवू काय? ज्ञानकोशात चालेल असं हवं. पेन्कोकाकांनी काय केलं, कधी केलं..."

"वरच्या झऱ्याचं पाणी गावात आणलं. पाईप खांद्यावर वाहिले, घोडा मेला होता म्हणून. कुठल्याशा वहीत लिहिलंही होतं तेव्हा."

"वाचनगृहाची बखर!" झ्लातिना किंचाळली. प्रत्येक वर्षी गावात काय घडलं ते लिहायचं जाडजूड पुस्तक वाचनगृहात असतंच. "कुठंय ती? सकाळी तर मी..." आणि तिची नजर प्रोजेक्टरखाली गेली. उंची जमावी म्हणून बखर त्याच्याखाली सारलेली होती.

तिने ती ओढली. लेखाचा वरचा अर्धा भाग भिंतीवर राहिला आणि खालचा पोपच्या दाढीवर उतरला. "हलू नका, महाराज!" झ्लातिना म्हणाली. पोप हलला नाही. पुढचा पाऊण तास आम्ही गावाचं लोकजीवन त्याच्या छातीवर वाचलं.

"पान अठ्ठ्याऐंशी, १९६४!" झ्लातिना वाचत होती, गेनादी दोन बोटांनी टाइप करत होते. पेन्कोच्या चौकटीवर ओळ चढली: "गावाला पाणीपुरवठा १९६४ मध्ये पेन्को दिमोव्ह यांनी सुरू केला. संदर्भ: वाचनगृहाची बखर, पृ. ८८." मिन्कामावशींनी ती दोनदा मोठ्याने वाचली आणि मान ताठ करून बसल्या.

मग रांग लागली. शाळेची घंटा कोणी बसवली, पूल कोणी बांधला, बर्फाच्या वर्षी कोणी पाव भाजून घरोघर पोचवला, ओरडून ओरडून सांगत होते आणि झ्लातिना पानं सापडवत होती. पुरात शाळा वाहून गेली तेव्हा कोणी स्वतःच्या कोठारात वर्ग भरवले तेही निघालं. घोडं अडलं ते व्लादो कोलेव्हपाशी.

"व्लादोने काय केलं?" गेनादींनी विचारलं. झ्लातिना पानं उलटत राहिली. घड्याळात पावणेबारा होऊन गेले होते.

"काही नाही केलं," त्याची बायको म्हणाली. "सत्तावीस वर्षं दुकानासमोरच्या बाकावर बसला. पण छान बसायचा."

"सापडला!" झ्लातिना ओरडली. "१९७९, जुलै. दुपारी गाव झोपलं असताना व्लादो कोलेव्ह याने घंटेच्या दोरीला टेकून डुलकी घेतल्याने घंटा वाजली. त्यामुळे गाव जागे होऊन गवताच्या गंजीची आग विझवता आली. पान एकशे तीस!"

"आग विझवण्यात महत्त्वाचा वाटा," गेनादींनी टाइप केलं. व्लादोची बायको हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

बाराला दोन मिनिटं कमी असताना अकरावी ओळ चढली. एकही पत्रक कोणी काढलं नव्हतं, आणि एकही दिसत नव्हतं. गेनादींनी हात वर केले. आणि त्याच क्षणी पोपच्या पोटावर अक्षरं उमटली: "येथील रहिवाशांना गुडघेदुखी होत नाही..."

"खोड!" सगळं गाव ओरडलं. घाईत गेनादींच्या हातून उंदीर निसटून टेबलाखाली गेला. आणि मागच्या रांगेतून पंधरवडाभर न बोललेला स्तोइमेन खुर्च्यांवरून आला, टेबलाखाली शिरला, उंदीर पकडला आणि बकरी आडवी आल्यावर हॉर्न दाबावा तसा त्याने तो दाबला. गरुड गेला. बारा वाजले.

अक्षरं आली. "लेख ठेवण्यात येत आहे. संदर्भ समाधानकारक. ६१२ मीटर: 'स्वतः मोजले' आज चालवून घेतले. शेळी सापडली का?"

"सापडली!" शेळीवाला पडद्याकडे बघून ओरडला, जणू घुबडाला ऐकू जाणार होतं.

त्यानंतर चौकात होरो सुरू झाला. हातात हात घालून सगळं गाव गोल नाचलं, आणि गेनादी मिन्चेव्ह, वय सदुसष्ट, पहिल्या झुलण्यापासून शेवटच्यापर्यंत नाचले, एका हाताला स्तोइमेन, दुसऱ्या हाताला दोच्का. दोच्का कशी नाचली म्हणून सांगू. गुडघ्यापर्यंत पाय उचलत होती. गेनादींना आनंदाच्या भरात त्याचं नवलही वाटलं नाही.

नवल दुसऱ्या दिवशी सकाळी वाटलं, पलंगावरून उतरता येईना तेव्हा. उजवा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. दोच्का मात्र जिना खाली वर करत होती, आणि कडकड आवाज येत नव्हता.

"तुझे गुडघे?" गेनादींनी संशयाने विचारलं.

दोच्काने एप्रनच्या खिशातून गरुडाची नळी काढून पलंगावर ठेवली. अर्धी संपली होती.

"कधीपासून?"

"पार्सल आल्यापासून."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तूच म्हणालास, याचं नाव काढायचं नाही. आणि तू खोडण्यात गुंतला होतास."

गेनादींनी नळीकडे पाठ फिरवली. दोच्का कोंबड्यांना दाणे घालायला गेली. ती दृष्टीआड झाल्यावर त्यांनी खिडकी लावली, पडदा ओढला आणि मलम लावलं. आधी भाजलं. मग गार वाटलं. अर्ध्या तासाने ते स्वतःच्या पायांनी चालत घरातल्या संगणकापर्यंत गेले.

लेख स्वच्छ होता. पाणीपुरवठा, पूल, घंटा, व्लादो. आणि उंचीच्या आकड्यानंतर, नेहमीच्या जागी: "येथील रहिवाशांना गुडघेदुखी होत नाही, कारण ते 'बाल्कन गरुड' मलम वापरतात."

गेनादींनी खिडकीचा पडदा बाजूला केला. खाली अंगणात दोच्का कोंबड्यांच्या मागे पळत होती. त्यांनी आपला पाय एकदा वाकवून बघितला, एकदा सरळ करून बघितला.

मग त्यांनी ओळ खोडली. खोडताना ज्ञानकोश कारण विचारतो, छोटीशी चौकट असते. एकतीस वर्षं सरकारी नोंदीत खोटं न लिहिलेल्या माणसाने तिथे लिहिलं: "खरे आहे, पण संदर्भ नाही."